भिंतीतून आधी आवाज गेला, मग हुकूम: घरभरच्या ऑडिओच्या टचस्क्रीनची पार्श्वभूमी

घरभर गाणी वाजवणारी यंत्रणा भिंतीवरच्या एका पडद्यावरून चालवायची तर आज सामान मोजकंच लागतं. सात इंची टचस्क्रीन, त्यामागे हाताच्या पंजाएवढा संगणक, एक नेटवर्क केबल आणि कपाटात ठेवलेला सहा झोनचा, म्हणजे घराच्या सहा भागांना वेगवेगळा आवाज देणारा, ॲम्प्लिफायर. हे जोडताना येणाऱ्या अडचणी मात्र बहुतेक जुन्याच आहेत. भिंतीतल्या तारेतून नेमकं काय न्यायचं, या प्रश्नाला प्रत्येक पिढीनं वेगळं उत्तर दिलं आणि त्या उत्तरांचे अवशेष अजूनही घराघरांत सापडतात.

पहिलं उत्तर सरळ होतं: आवाजच न्या. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या घरांमध्ये इंटरकॉम-रेडिओ आले. स्वयंपाकघराच्या भिंतीत मुख्य संच आणि खोल्याखोल्यांत छोटे स्पीकर. पुढे लोकांना स्टिरिओ हवा झाला आणि एकाच ॲम्प्लिफायरवर सगळ्या खोल्या जोडायची खटपट सुरू झाली. ८ ओहमच्या स्पीकरच्या चार जोड्या समांतर जोडल्या की प्रत्येक चॅनेलवर २ ओहमचा भार येतो; ओहम कमी, तितका ॲम्प्लिफायरवर ताण जास्त. बहुतेक घरगुती ॲम्प्लिफायर तिथे तापतात आणि बंद पडतात. दुकानं आणि सभागृहांनी ७० किंवा १०० व्होल्ट लाइनचा मार्ग धरला, कारण व्होल्टेज वाढवलं की करंट घटतो आणि लांब तारेतलं नुकसान कमी होतं. घरांमध्ये त्याऐवजी ट्रान्सफॉर्मरवाला व्हॉल्यूम कंट्रोल रुळला. त्याच्या पाठीवरच्या जंपरनं, म्हणजे जागा बदलता येणाऱ्या छोट्या जोडणीनं, स्पीकरचे ओहम दुप्पट, चौपट किंवा आठपट दाखवता येतात. चार खोल्यांत चौपट लावलं की प्रत्येक जोडी ३२ ओहमची दिसते आणि चारही मिळून पुन्हा ८. एका खोलीतला जंपर चुकून मूळ जागी राहिला, तर ती खोली बाकीच्यांपेक्षा ६ डेसिबलनं मोठी वाजते आणि एकूण भार साडेचार ओहमच्या आसपास उतरतो. जुन्या घरात एकच खोली उगाच गरजत असेल, तर स्पीकर बदलण्याआधी हा जंपर पाहावा.

त्या गोल बटणाला आवाज कमी-जास्त करण्यापलीकडे काही येत नव्हतं. गाणं बदलायला रॅकपर्यंत, म्हणजे उपकरणांच्या कपाटापर्यंत, चालत जावं लागे. म्हणून दुसरं उत्तर आलं: इन्फ्रारेड. भिंतीवर छोटा रिसीव्हर, त्याला तीन तारा, आणि रॅकमध्ये उपकरणांच्या तोंडावर चिकटवलेले एलईडी. रिमोटचे साधारण ३८ किलोहर्ट्झचे ठोके खोलीतून कपाटापर्यंत जात. मोठी खोट ही की हा रस्ता एकेरी. चालू आणि बंद यांना एकच कोड असला आणि मधला एखादा संदेश हुकला, तर त्यानंतर सगळंच उलटं होतं: बंद म्हटलं की चालू. उपकरण खरंच चालू आहे की नाही हे ओळखायला त्याच्या वायरभोवती करंट सेन्सर बसवण्यापर्यंत लोकांची मजल गेली होती.

स्पर्शाला ओळखणारा पडदा तोवर जुना झाला होता. ब्रिटनच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमधल्या ई. ए. जॉन्सन यांनी कपॅसिटिव्ह (नुसत्या बोटाच्या स्पर्शानं चालणाऱ्या) टचस्क्रीनची कल्पना १९६५मध्ये मांडली. रेझिस्टिव्ह, म्हणजे दाबानं चालणारा, पडदा १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या इलोग्राफिक्सनं पुढे आणला. भिंतीवरचे पॅनेल क्रेस्ट्रॉन आणि एएमएक्ससारख्या कंपन्यांमुळे आधी बैठकीच्या खोल्यांत आणि मग श्रीमंतांच्या घरांत पोचले. हौशी मंडळींना ते परवडणारं नव्हतं. त्यांना वाट मिळाली ती अपयशी वस्तूंमधून. थ्रीकॉम या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीनं २००० साली ऑड्री नावाचं टचस्क्रीनचं इंटरनेट उपकरण काढलं आणि पुढच्याच वर्षी गुंडाळलं. उरलेले नग स्वस्तात निघाले आणि अनेकांनी ते घर चालवायचे पॅनेल म्हणून वापरले.

खरा फरक पडला तो दुहेरी संवादामुळे. बहुझोन ॲम्प्लिफायरना आरएस-२३२ हा संगणकाशी दोन्ही बाजूंनी बोलणारा पोर्ट आला आणि पडद्याला विचारता येऊ लागलं: कुठला झोन चालू आहे, आवाज कितीवर आहे? इथेच एक चूक आजही हमखास होते. बोट स्लायडरवर फिरलं की सेकंदाला साठ घटना तयार होतात आणि नवशिका प्रोग्राम प्रत्येकीला एक आदेश पाठवतो. आठ अक्षरांचा आदेश धरला तर सेकंदाला ४८० अक्षरं. ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट) वेगाच्या तारेत ९६० मावतात, तेव्हा कागदावर हिशेब बसतो. पण ॲम्प्लिफायरमधला छोटा प्रोसेसर तेवढ्या वेगानं आदेश पचवू शकत नाही. आदेश तुंबतात, आणि बोट थांबल्यावरही आवाज चढतच राहतो. उपाय असा: दर १०० मिलिसेकंदांनी फक्त ताजी किंमत पाठवायची, मधल्या टाकून द्यायच्या आणि बोट उचलल्यावर शेवटची नक्की पाठवायची. बोट टेकलेलं असताना आणि नंतर सेकंदभर, ॲम्प्लिफायरकडून येणारी किंमत पडद्यावर दाखवायची नाही. नाहीतर स्लायडर मागे उडी मारतो. स्लायडरचे टप्पेही ॲम्प्लिफायरइतकेच हवेत. समजा त्याचे ३८ आणि पडद्यावर १००, तर सरकवूनही बऱ्याचदा काहीच होत नाही.

मधल्या काळात गाणी नेटवर्कवर आली. स्लिम डिव्हायसेस या कंपनीचे नेटवर्कवरून गाणी वाजवणारे प्लेअर: स्लिमपीथ्री २००१चा, स्क्वीझबॉक्स २००३चा. त्यांना गाणी पुरवणाऱ्या सर्व्हर प्रोग्रामला ९०९० या नेटवर्क पोर्टवर साधा मजकूर पाठवून हुकूम देता येत, म्हणून घरगुती पॅनेल बनवणाऱ्यांचा तो लाडका झाला. लॉजिटेकनं २००६मध्ये कंपनी घेतली, २०१२मध्ये स्क्वीझबॉक्स थांबवला. सर्व्हर मात्र खुला असल्यानं टिकला; आता तो लिरियन म्युझिक सर्व्हर या नावानं चालतो. सोनोस या घरभरच्या ऑडिओच्या कंपनीनं २००५मध्ये हातात धरायचा कंट्रोलर दिला, २००९मध्ये त्याची टचस्क्रीन आवृत्ती आली. पण फोनवरचं ॲप रुळल्यावर त्या कंट्रोलरची गरज सरली.

२०१०मध्ये आयपॅड आला आणि भिंतीवर टॅबलेट ठोकायची लाट आली. सोपी, पण बॅटरीच्या मुळावर येणारी. बंद खोबणीत, उबेत, कायम १०० टक्के चार्जवर ठेवलेला लिथियम सेल फुगतो आणि काच उचलली जाते. चार्जर ठरावीक टक्क्यांवर बंद-चालू करणारा प्लग लावला तर आयुष्य वाढतं, धोका पूर्ण जात नाही.

म्हणून बॅटरीच नसलेला पर्याय बरा. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक २०१२चा, त्याचा अधिकृत सात इंची, ८०० बाय ४८० पिक्सेलचा टचस्क्रीन २०१५चा. इथे अडतं ते विजेवर. नेहमीच्या नेटवर्क केबलची एक तार मीटरला साधारण ०.०८४ ओहम. १५ मीटर अंतर, जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे एका जोडीत अडीच ओहम. ५ व्होल्टवर दीड अँपिअर ओढला की पावणेचार व्होल्ट वाटेतच जातात. चारही जोड्या समांतर केल्या तरी पडद्यापाशी सुमारे ४ व्होल्ट पोचतात, आणि रास्पबेरी पाय ४.६३ व्होल्टखाली तक्रार करू लागतो. मग त्याचं मेमरी कार्ड खराब होतं आणि दोष सॉफ्टवेअरला मिळतो. नेटवर्क केबलमधूनच वीज देणाऱ्या ८०२.३एएफ या २००३च्या मानकानं हा पेच सोडवला. तेवढीच वीज ४८ व्होल्टनं पाठवली की करंट ०.१६ अँपिअरच्या आसपास राहतो आणि दोन जोड्यांत जेमतेम ०.२ व्होल्ट पडतो. पडद्यामागे ४८चे ५ करणारा स्प्लिटर बसतो. तो आयसोलेटेड, म्हणजे दोन्ही बाजू विजेनं थेट न जोडणारा, घ्यावा, आणि त्या जागेवरून ॲम्प्लिफायरकडे ऑडिओची तार नेऊ नये. नेली तर ग्राउंड लूप (दोन रस्त्यांनी जोडलेल्या अर्थिंगचं वेटोळं) होऊन स्पीकरमधून घूं असा आवाज येतो.

आणखी एक लहान गोष्ट, जी जुन्या महागड्या पॅनेलमध्ये विचारपूर्वक केलेली असे आणि घरगुती पॅनेलमध्ये राहून जाते. पडदा झोपलेला असताना पहिल्या स्पर्शानं फक्त उजेड यायला हवा. तो स्पर्श खालच्या बटणापर्यंत गेला, तर रात्री अंधारात चाचपडणारा हात झोपलेल्या खोलीत गाणं सुरू करून ठेवतो.

भिंतीत झिरी मारायची वेळ आलीच, तर पडद्याच्या मापाचं भोक पाडू नये. पडद्याची मापं पाच-सात वर्षांत बदलतात. साधा स्विच बॉक्स बसवावा, त्यातून रॅकपर्यंत २५ मिलिमीटरचा पाइप न्यावा, आत दोन केबल आणि एक मोकळी दोरी सोडावी, आणि पडदा वरून चौकटीत टांगावा. चौकटीला वर-खाली फटी ठेवाव्यात, म्हणजे आतली गरम हवा वर निघून जाते.