कामाचा अनुभव आणि कामावरील इजा : सांख्यिकीय पद्धतीची निवड

अनुभव वाढला की इजा घटतात का, हे कारखान्याच्या नोंदींवरून तपासताना वापरायचे गणित प्रामुख्याने इजेची नोंद कोणत्या रूपात आहे यावर ठरते. अनुभवाची वर्षे आणि इजांची संख्या यांचा पिअरसन सहसंबंध गुणांक (दोन आकडे सरळ रेषेत किती सोबत बदलतात याचे माप) काढणे ही नेहमीची चूक. बहुतेक कामगारांपुढे वर्षभरात शून्यच असते, उरलेल्यांपुढे एक-दोन. अशा आकड्यांना सरळ रेषा शोभत नाही. शिवाय कोण किती तास कामावर होता, हे त्या गुणांकात येतच नाही.

समजा, एक वर्षाच्या आतल्या कामगारांना ६०,००० मनुष्य-तासांत (सर्वांच्या कामाच्या तासांची बेरीज) १२ इजा झाल्या आणि दहा वर्षांवरच्यांना ४,००,००० तासांत २०. नुसत्या संख्येने जुने कामगार बेफिकीर ठरतात. दर दहा लाख तासांमागे मात्र नव्यांचा दर २००, जुन्यांचा ५०, म्हणजे चौपट फरक. म्हणून इजांची संख्या मोजायची असेल तर पॉयसाँ समाश्रयण (मोजून येणाऱ्या संख्यांसाठीचे समीकरण) घ्यावे आणि मनुष्य-तासांचा लॉगरिदम ऑफसेट म्हणून, म्हणजे गुणांक १ वर पक्का धरलेले पद म्हणून द्यावा; त्यामुळे संख्येऐवजी तासांमागचा दर तपासला जातो. तास हजेरीपटावरून घ्यावेत, ओव्हरटाइम धरून. अनुभव इजेच्या तारखेचा धरावा, वर्षअखेरचा नव्हे. जूनमध्ये वर्ष पूर्ण करणाऱ्याचे तास दोन गटांत विभागले जातात. अनुभव म्हणजे त्याच कामावरचा की एकूण नोकरीचा, हेही आधीच ठरवावे. खात्याची बदली झालेला जुना माणूस नव्या यंत्रावर नवखाच असतो.

पिअरसन काय-वर्ग (प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्यांतील तफावतीचे माप) भागिले मुक्ततामात्रा (नोंदींची संख्या वजा अंदाजलेले गुणांक) हा आकडा १ पेक्षा बराच मोठा आला, म्हणजे इजांची संख्या पॉयसाँच्या अपेक्षेहून जास्त विखुरलेली असली, तर पॉयसाँची प्रमाणत्रुटी (अंदाजातील अनिश्चिततेचे माप) खोटी लहान दिसते. तेव्हा हा जादा विखुरलेपणा सामावून घेणारे ऋण द्विपद समाश्रयण वापरतात. ही अडचण जुनी आहे. मेजर ग्रीनवुड (मेजर हे नाव, हुद्दा नव्हे) आणि उडनी यूल यांनी १९२० मध्ये ब्रिटनच्या युद्धसामग्री कारखान्यांतील स्त्री कामगारांच्या अपघातांसाठी हेच ऋण द्विपद विभाजन (संख्या कशा पसरतात याचे सूत्र) मांडले.

‘इजा झाली की नाही’ एवढीच नोंद असेल आणि सर्वांचा काळ सारखा असेल, तर लॉजिस्टिक समाश्रयण (हो-नाही उत्तराची शक्यता मोजणारे) पुरते. पहिल्या इजेपर्यंतचा काळ हवा असेल तर कॉक्स प्रतिमान (घटना घडेपर्यंतच्या काळाचे समीकरण). मात्र निरीक्षण सुरू होण्यापूर्वीच रुजू झालेल्यांचा उशिरा प्रवेश, म्हणजे त्यांची नोंद मधूनच सुरू होते हे, त्यात दाखवावे लागते. एकाच कामगाराची अनेक वर्षे असतील तर त्या नोंदी परस्परस्वतंत्र धरू नयेत.

धोका पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने उतरतो, पुढे संथ होतो. त्यामुळे अनुभव सरळ रेषेत न घालता गट किंवा स्प्लाइन (तुकड्यातुकड्यांनी जोडलेली गुळगुळीत वक्ररेषा) घ्यावेत. वय सोबत घातले की दोन्ही गुणांक डळमळतात, कारण ती एकत्रच वाढतात. तरी वय वगळू नये. खाते आणि पाळी तर हवीच, कारण प्रेस यंत्रावर बहुधा नवे कंत्राटी कामगारच उभे केलेले असतात.

गणिताने न सुटणारे दोष नोंदींतच असतात. जबर इजा झालेले नोकरी सोडतात, त्यामुळे उरलेले अनुभवी कामगार आहेत त्याहून सुरक्षित दिसतात. कारखाने अधिनियम, १९४८ (तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता) नुसार ज्या इजेमुळे ४८ तास किंवा अधिक काळ काम करता येत नसे, ती कळवावी लागे. फक्त त्याच नोंदी घेतल्या, तर प्रथमोपचार पेटीवर भागलेल्या किरकोळ इजा गळतात. आणि त्या कोण सांगतो, कोण लपवतो, हेसुद्धा अनुभवावर अवलंबून असते.