सॅन वान सीमावाद

सॅन वान सीमावाद : (१८५९–७२). उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या सॅन वान बेटांच्या मालकीवरून अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि ग्रेट ब्रिटन यांच्यात उद्‌भवलेला व लवादाने मिटलेला वाद. एका डुकराच्या हत्येवरून तो पेटल्यामुळे ‘डुक्कर युद्ध’ या नावानेही तो ओळखला जातो. मात्र या ‘युद्धा’त कोणाही माणसाचा बळी गेला नाही.

वादाचे मूळ ओरेगन प्रदेशाच्या वाटणीत होते. १८१८ च्या करारानुसार रॉकी पर्वताच्या पश्चिमेचा हा विस्तीर्ण मुलूख दोन्ही देशांच्या नागरिकांना खुला राहिला. तेथे हडसन बे कंपनी या ब्रिटिश व्यापारी कंपनीच्या फरच्या व्यापाराचे वर्चस्व होते. परंतु १८४३ पासून ओरेगनच्या वाटेने बैलगाड्यांचे तांडे येऊ लागले आणि शेतीसाठी जमीन धरणाऱ्या अमेरिकन वसाहतकारांची संख्या झपाट्याने वाढली. राष्ट्राध्यक्ष जेम्स पोक यांच्या पक्षातील आक्रमक गट ५४ अंश ४० मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंतच्या सर्व प्रदेशावर हक्क सांगत होता. तथापि मे १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध सुरू झाले होते आणि ब्रिटनलाही दूरच्या अरण्यासाठी लढण्याची इच्छा नव्हती. १५ जून १८४६ रोजी झालेल्या तहाने ४९ वे अक्षवृत्त ही सीमा ठरली व संपूर्ण व्हँकूव्हर बेट ब्रिटनकडे राहिले.

तहाच्या मसुद्यात एक गंभीर उणीव राहिली. मुख्य भूमी आणि व्हँकूव्हर बेट यांना विभागणाऱ्या जलमार्गाच्या मध्यातून सीमा जाईल, एवढेच त्यात म्हटले होते. प्रत्यक्षात असे दोन प्रमुख मार्ग आहेत. पश्चिमेकडील हारो मार्ग धरला तर बेटे अमेरिकेची ठरत, पूर्वेकडील रोझारिओ धरला तर ब्रिटनची. सॅन वान बेटावर कंपनीचे मेंढपालन केंद्र होते आणि अमेरिकन वसाहतकारही तेथे येऊन राहिले होते. १५ जून १८५९ रोजी, म्हणजे तहाला बरोबर तेरा वर्षे झाली त्या दिवशी, लायमन कटलर या वसाहतकाराने आपल्या बटाट्याच्या वाफ्यात शिरलेले कंपनीचे डुक्कर गोळी घालून मारले.

भरपाईवरून सुरू झालेला हा तंटा सैन्यापर्यंत पोहोचला. अमेरिकन जनरल विल्यम हार्नी यांनी कॅप्टन जॉर्ज पिकेट यांची तुकडी बेटावर उतरवली. ब्रिटिश गव्हर्नर जेम्स डग्लस यांनी युद्धनौका धाडल्या. ऑगस्टमध्ये ४६१ अमेरिकन सैनिकांसमोर पाच ब्रिटिश नौका व २,१४० माणसे उभी होती. युद्ध टळले याचे मोठे श्रेय ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्यांना द्यावे लागते. कॅप्टन जेफ्री हॉर्नबी यांनी सैनिक उतरवण्याची घाई केली नाही आणि रिअर अ‍ॅडमिरल रॉबर्ट बेन्स यांनी, एका डुकरासाठी दोन राष्ट्रांना युद्धात लोटणे नाकारून, त्यांचा संयम उचलून धरला. त्यानंतर अमेरिकन सरकारने पाठवलेले जनरल विनफिल्ड स्कॉट यांनी वाटाघाटी केल्या आणि प्रत्येकी शंभराहून अधिक सैनिक न ठेवता संयुक्त ताबा ठेवण्याचे ठरले. बेटाच्या दोन टोकांना असलेल्या या छावण्या बारा वर्षे शेजारधर्म पाळून राहिल्या; एकमेकांच्या सणांनाही त्या हजेरी लावत.

१८७१ च्या वॉशिंग्टन तहाने हा प्रश्न जर्मन सम्राट पहिला विल्हेल्म यांच्याकडे सोपवला. लवादाला दोन्ही पक्षांच्या दाव्यांपैकी तहाच्या खऱ्या अर्थाशी अधिक जुळणारा एक दावा निवडायचा होता. मधल्या तिसऱ्या मार्गाची मुभा त्याला नव्हती. सम्राटांनी नेमलेल्या तीन तज्ज्ञांत भूगोलशास्त्रज्ञ हाइनरिख कीपर्ट होते. अमेरिकेची बाजू मांडणारे जॉर्ज बॅन्क्रॉफ्ट हे १८४६ साली पोक यांच्या मंत्रिमंडळात असल्याने तहामागील हेतूंचे जाणकार होते. २१ ऑक्टोबर १८७२ रोजी निवाडा हारो मार्गाच्या बाजूने लागला आणि नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश सैनिक बेट सोडून गेले.

या प्रक्रियेची एक बाजू मात्र दुखरी आहे. पिढ्यानुपिढ्या या पाण्यात सॅमन मासे धरणाऱ्या आणि बेटांवर कॅमसचे कंद काढणाऱ्या लम्मी व इतर सॅलिश या मूळनिवासी समाजांचे म्हणणे बर्लिनमध्ये सम्राटांपुढे कोणी मांडले नाही. दोन राज्यसत्तांमध्ये शांततेने आखली गेलेली रेषा त्यांच्या नेहमीच्या मासेमारीच्या व येण्याजाण्याच्या पाण्यातून गेली. दोन्ही छावण्यांच्या जागा १९६६ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून जतन करण्यात आल्या आहेत.