गोळी घेतली का, हे विचारायचे कुणी?

क्षयरोगाच्या रुग्णांसाठी आज जे मोबाइल उपाय वापरले जातात, त्यांचे मूळ 1956 च्या मद्रासमध्ये आहे. तिथल्या केमोथेरपी केंद्राने, म्हणजे क्षयावरच्या औषधोपचारांच्या केंद्राने, काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये (क्षयरोग्यांच्या रुग्णालयात) ठेवले, काहींना घरीच. औषधे दोघांना तीच. घरचे रुग्णही जवळपास तितकेच बरे झाले, हे 1959 मध्ये प्रसिद्ध झाले. पण डोळ्यांआड असलेला माणूस रोज गोळ्या घेतो का, हे कळायचे कसे? कर्मचारी न सांगता घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत, लघवी तपासत.

पुढे याच शंकेतून डॉट्स आली: कर्मचाऱ्यासमोर गोळी गिळायची. भारतात ती 1997 पासून पसरत 2006 पर्यंत देशभर पोहोचली. बरे होणाऱ्यांचे प्रमाण वाढले, हे तिचे श्रेय. पण हातावर पोट असलेल्याला तेव्हा आठवड्यातून तीनदा केंद्र गाठायचे म्हणजे कामाचा खाडा, शिवाय आजार चारचौघांत उघड होण्याची धास्ती.

2015 च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरू प्रयोगशाळेतून पुढे आलेल्या ‘99डॉट्स’ने यावर साधी तोड काढली. गोळ्यांचे पाकीट एका कागदी वेष्टनात बसवलेले असते. गोळी दाबून काढली की मागे लपलेला फोन नंबर दिसतो. आधी अंदाज बांधता येत नाही, कारण पुढचा नंबर कोणता हे रुग्णाला ठाऊक नसते. त्या नंबरवर फुकट कॉल केला की त्या दिवसाची नोंद होते. स्मार्टफोन नको, वाचता यायला हवे असेही नाही. मिस्ड कॉलची सवय तर आपल्याकडे घराघरात होतीच. मला यातली ही समज फार मोलाची वाटते.

मात्र तपासणीत उणिवा दिसल्या. चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईतल्या रुग्णांच्या घरी संशोधक न कळवता गेले आणि त्यांनी लघवीत आयसोनियाझिड हे क्षयाचे औषध आहे का ते पाहिले. म्हणजे मद्रासचीच जुनी रीत. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, औषध घेतलेल्यांपैकी सुमारे 70 टक्क्यांचेच कॉल नोंदले गेले होते. उलट, न घेतलेल्यांपैकीही सुमारे 39 टक्क्यांच्या नावावर कॉल होते. घरात फोन एकच, तोही कामावर गेलेल्याच्या खिशात. कधी रेंज नाही. अशा वेळी ‘कॉल नाही’ याचा अर्थ ‘गोळी नाही’ असा लावणे रुग्णावर अन्याय ठरतो.

केनियातल्या एचआयव्ही रुग्णांवरचा 2010 चा अभ्यास म्हणूनच मला अधिक जवळचा वाटतो. तिथे दर आठवड्याला एकच संदेश जाई: ‘माम्बो?’, म्हणजे ‘कसं काय?’ गोळीचे नावही नाही. उत्तर ‘सावा’ आले तर ठीक. ‘शिदा’, म्हणजे अडचण, असे आले किंवा उत्तरच आले नाही, तर नर्स फोन करी. औषध नियमित घेणारे या गटात 62 टक्के निघाले, संदेश न मिळालेल्यांत 50 टक्के.