पत्रिकेवर ते झाड छापता येईल का?

लग्नसराईत आमच्या छापखान्यात हा प्रश्न येतोच. मोबाइलमध्ये एखाद्या वहीच्या मलपृष्ठाचा फोटो असतो. त्यावर बरोबरच्या खुणेला जोडलेलं झाड आणि खाली ‘एफएससी’. ‘हे आमच्या पत्रिकेवर घाला, कागद लागेल तो लावा.’

एफएससी म्हणजे फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, जंगल सांभाळून लाकूड तोडण्याचे नियम ठरवणारी संस्था. ते पाळल्याचं प्रमाणपत्र असेल तरच हे चिन्ह वापरता येतं. कागद लावू, चिन्ह मात्र घालता येणार नाही. लाकूड तोडणारा, कागद गिरणी, व्यापारी, छापखाना या साखळीतल्या प्रत्येकाकडे स्वतःचं प्रमाणपत्र लागतं, त्याची दर वर्षी तपासणी होते. आमच्याकडे ते नाही. त्यामुळे प्रमाणित कागद आमच्या मशीनवर चढला की साखळी तुटली. खऱ्या चिन्हासोबत परवाना क्रमांक असतो. कुणी नुसतंच झाड छापून दिलं तर संशय घ्या.

एवढ्या खटाटोपाने जंगल वाचतं का? काही ठिकाणी नक्की. मध्य आफ्रिकेतल्या गॅबन आणि काँगो प्रजासत्ताकात लाकूडतोडीच्या 14 क्षेत्रांत संशोधकांनी कॅमेरे लावले. निम्मी क्षेत्रं प्रमाणित, निम्मी नाहीत. हत्तींसारखे 100 किलोंहून जड प्राणी प्रमाणित जंगलात 2.7 पट जास्त दिसले, असं 2024 साली ‘नेचर’मध्ये छापून आलं. झाडं तिथेही पडतच होती. पण तोड संपल्यावर जुने रस्ते बंद केले जात, गाड्या तपासल्या जात, कामगारांना शिकारीऐवजी दुसरं मटण मिळे. चिन्हाचं काम खरं तर फाटकावरचा माणूस करतो.

पण हा सगळा मामला ऐच्छिक. ज्याचं काम आधीपासून बरं, तोच बहुधा तपासणीला तयार होतो. जंगल ओरबाडणारा कशाला येईल? 1993 मध्ये एफएससी उभी करणाऱ्यांत ग्रीनपीस ही पर्यावरणवादी संघटना होती, तिच्या आंतरराष्ट्रीय शाखेने 2018 मध्ये सदस्यत्व सोडलं.

आपल्याकडे कागदाचं बरंचसं लाकूड शेतातल्या सुबाभूळ-निलगिरीचं. 1988 च्या राष्ट्रीय वन धोरणानेच कारखान्यांना शेतकऱ्यांकडे वळायला सांगितलं होतं. तेव्हा प्रमाणित देशी कागद घेतला म्हणून ताडोब्यातला वाघ वाचला, असं आम्ही काउंटरवर सांगणार नाही.

एफएससीच्या चिन्हाखाली ‘मिक्स’ लिहिलेल्या कागदात सगळंच लाकूड प्रमाणित जंगलातलं असतं असं नाही. पत्रिकेला आम्ही रद्दीपासून केलेला कागद सुचवतो. त्यावर शाई जरा पसरते, बारीक सोनेरी अक्षरं उठत नाहीत. नावं ठसठशीत ठेवा.

चिन्ह हवंच असेल तर काम प्रमाणित छापखान्यात पाठवतो. दर चढतो, आठ-दहा दिवस जास्त लागतात. मुहूर्त जवळ असेल तर मजकूर पक्का करण्याआधीच विचारा.