‘ऑल इंडिया रेडिओ’ ते ‘माणदेशी तरंग’ : रेडिओच्या बारशांची पार्श्वभूमी

मे 2023मध्ये सरकारी प्रसारणातून ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव काढून सगळीकडे फक्त ‘आकाशवाणी’ म्हणायचा आदेश निघाला. मराठी श्रोत्यांना त्यात बातमी वाटली नाही, कारण आपण ‘आकाशवाणी मुंबई’, ‘आकाशवाणी पुणे’ असंच ऐकत आलो. तमिळनाडूत मात्र लगेच निषेधाचे सूर उमटले. तिथल्या लोकांच्या तोंडी रेडिओसाठी ‘वानोली’ हा तमिळ शब्द आहे आणि ‘आकाशवाणी’ला त्यांचा विरोध जुनाच आहे.

आपल्याकडे नियमित प्रसारण 23 जुलै 1927 रोजी मुंबईत सुरू झालं. कंपनीचं नाव होतं ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’, म्हणजे दारावरच्या पाटीपुरतं. तीन वर्षांत कंपनीचं दिवाळं वाजलं, सरकारने केंद्रं ताब्यात घेतली आणि नाव ठेवलं ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’. फायलीवर ते शोभत असेल. निवेदकाने दिवसातून किती वेळा म्हणायचं, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

1935मध्ये बीबीसीतून लायोनेल फील्डन प्रसारणप्रमुख म्हणून आले. त्यांना हे नाव अजिबात पसंत नव्हतं, पण सचिवालय दाद देईना. मग त्यांनी काय केलं ते आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना एका मेजवानीनंतर गाठलं आणि नाव फार बोजड आहे हो, अशी तक्रार केली. व्हाइसरॉयना पटलं. ‘ब्रॉडकास्टिंग’ हा शब्द भारतीयांच्या जिभेला जड जातो, हेही फील्डननी हळूच सुचवलं. विचार करता करता व्हाइसरॉयच्याच तोंडून आधी ‘ऑल इंडिया’ आणि मग ‘रेडिओ’ निघालं. फील्डननी वाहवा केली. आद्याक्षरं जोडून ‘एअर’ होतं, हेही लक्षात आणून दिलं. साहेबाला वाटलं, नाव आपणच शोधलं! एकदा तसं वाटल्यावर सचिवालय काय बोलणार? 8 जून 1936पासून ‘ऑल इंडिया रेडिओ’ रुजू झालं. नाव सुचण्यापेक्षा ते वरच्याच्या गळी उतरवणं अवघड, हे ज्यांनी कुठल्याही समितीत काम केलंय त्यांना सांगायला नको.

‘आकाशवाणी’चा उगम मात्र दिल्लीत नाही. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी सप्टेंबर 1935मध्ये आपल्या राहत्या घरातून, अवघ्या 30 वॅटच्या प्रक्षेपकावर स्वतःचं केंद्र चालू केलं. त्या केंद्राचं नाव आकाशवाणी. एवढ्याशा ताकदीचं हे केंद्र पुढे म्हैसूर संस्थानाने चालवायला घेतलं आणि स्वातंत्र्यानंतर ते सरकारी जाळ्यात आलं. 1956-57च्या सुमारास तेच नाव साऱ्या देशाच्या रेडिओला मिळालं. बिनसरकारी, हौशी प्राध्यापकाच्या घरातलं नाव सरकारने उचललं, हे मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत गमतीचं वाटतं. मराठीत ‘नभोवाणी’ही चालायचं, केंद्राच्या नावात ते टिकलं नाही, ‘नभोनाट्य’ मात्र उरलं.

1942मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईतून चालवलेल्या गुप्त केंद्राचा प्रश्न वेगळा होता. नाव तर सांगायचं, पण ठावठिकाणा नाही. म्हणून घोषणा व्हायची ती अशी : ‘काँग्रेस रेडिओ, 42.34 मीटर्सवर, भारतातल्या कुठल्यातरी ठिकाणाहून.’

मग आली सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची स्पर्धा. माहितीमंत्री बा. वि. केसकर यांनी चित्रपटगीतांना कात्री लावली आणि श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले. त्यांना परत आणायला 3 ऑक्टोबर 1957 रोजी नवी सेवा निघाली. कवी पंडित नरेंद्र शर्मा यांनी तिला ‘विविध भारती’ नाव दिलं. सरकारी हरकत येणार नाही इतकं भारदस्त, आणि तरी गाण्याच्या ओळीसारखं म्हणता येईल इतकं सैल. पुढे मुंबई केंद्राच्या मराठी वाहिनीला ‘अस्मिता’ नाव पडलं ते याच वळणाचं.

2001मध्ये खासगी एफएम आलं आणि भारदस्तपणा संपला. बेंगळुरूत ‘रेडिओ सिटी’, इंदूरमध्ये ‘रेडिओ मिर्ची’. पूर्वी सुई फिरवून केंद्र ‘लावायचं’ असे. आता आकडा दाबायचा होता, तेव्हा नावालाच आकडा जोडायची टूम निघाली. मुंबईत ‘विन 94.6’ आणि ‘गो 92.5’ ही त्यातलीच. पण लहर, म्हणजे प्रसारणाची फ्रिक्वेन्सी, सरकारच्या हातची. ती बदलली तर नाव उघडं पडतं. ‘विन’ बंद पडलं. ‘गो 92.5’ चं ‘रेडिओ वन’ झालं आणि पुढे ते 94.3वर गेलं.

2006मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची, म्हणजे आपल्या टापूपुरतं छोटं केंद्र चालवायची, परवानगी मिळाल्यावर नावं पुन्हा गावाकडे वळली. साताऱ्यातल्या म्हसवडचं ‘माणदेशी तरंग’ घ्या. माण तालुक्याबाहेर कुणाला त्यात विशेष वाटणार नाही. पण या केंद्रांचा पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा. तेवढ्या टापूत ‘माणदेशी’ म्हटलं की हे आपलंच, हे वेगळं समजवावं लागत नाही.