फॉरमॅट मारायच्या आधी रॅम तपासा

लॅपटॉप मधेच थिजला की आपल्याकडं कोल्हापुरात पहिलं वाक्य ठरलेलं, "व्हायरस असणार बघ, फॉरमॅट मारून घे." मग विंडोज नवीन टाकून आणायचं, चार दिवस बरं चालतंय आणि ऐन ॲडमिशनचा फॉर्म भरताना परत तेच, स्क्रीन जिथल्या तिथं. व्हायरसनं मशीन हळू होऊ शकतं हे खरं, पण फॉरमॅट करूनही कधीही, कुठंही थिजत असेल तर संशय हार्डवेअरवर घ्यायचा (किंवा ड्रायव्हरवर, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर), आणि हार्डवेअरचा दोष फॉरमॅटनं जाणं शक्यच नाही.

आधी थिजतंय कसं ते बघायचं. माऊसचा बाण हलतोय पण कुठलीच विंडो दाद देत नाही, आणि मिनिटाभरानं सगळं एकदम सुटतं, तर डिस्क बघा. जुन्या हार्डडिस्कचा एखादा सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) वाचता येत नसला की डिस्क तोच परत परत वाचायला बघते आणि तोवर सगळे प्रोग्राम वाट बघत बसतात. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची नोंदवही) 'डिस्क' नावानं ७ किंवा १५३ नंबरची नोंद दिसली तर आधी डेटा दुसरीकडं काढा, बाकीचं नंतर. ४१ नंबरची कर्नल-पॉवर नोंद बघून मात्र "पॉवरचा प्रॉब्लेम" म्हणू नका, ती फक्त एवढंच सांगते की मशीन नीट शटडाऊन झालं नव्हतं, तुम्ही बटण दाबून धरून बंद केलं तरी ती येते. तापण्याचं म्हणाल तर प्रोसेसर १०० अंशाच्या आसपास गेला की स्वतःच वेग कमी करतो आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन बंद होतं. उद्यमनगरात मशीनशॉपच्या ऑफिसात वापरायचा लॅपटॉप असेल तर पंख्यातली धूळ आणि तेलकट राप साफ करून घ्याच. पण बाण गोठला, कॅप्सलॉकचा दिवासुद्धा लागेना, चालू गाण्याचा एकच तुकडा घरघरत राहिला, तर माझा पहिला संशय रॅमवर, म्हणजे चालू कामाचा डेटा तात्पुरता ठेवणाऱ्या मेमरीवर, आणि ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते.

रॅममध्ये प्रत्येक बिटासाठी (एक ० किंवा १) एक ट्रान्झिस्टर म्हणजे बारीक स्विच आणि चार्ज साठवणारा एक इवलासा कपॅसिटर असतो, या जोडीला सेल म्हणतात. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली याचं पेटंट मिळालं आणि आजची रॅम त्याच कल्पनेवर चालते. कपॅसिटरमध्ये चार्ज असला तर १, नसला तर ०. हा चार्ज अगदीच थोडा असतो, आणि तो सतत गळतोय. म्हणून डीडीआर४ या प्रकारच्या रॅममध्ये प्रत्येक सेल ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा वाचून परत भरावा लागतो, त्यासाठी ८१९२ रिफ्रेश कमांड द्यायच्या, म्हणजे साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक, आणि लॅपटॉप चालू आहे तोवर हे अखंड चालू. ८ जीबी रॅममध्ये असे सुमारे ६,८७० कोटी सेल. त्यातल्या एकाला ६४ मिलिसेकंद तग धरता आला नाही की १ चा ० झाला. शिवाय तापमान वाढलं की गळती वाढते, ढोबळमानानं दर १० अंशाला दुप्पट, म्हणून चिप ८५ अंशांच्या वर गेली तर रिफ्रेश दुप्पट वेगानं करायचा असं स्टँडर्डमध्येच लिहिलंय. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत गादीवर ठेवलेला लॅपटॉप थिजतो आणि पहाटे त्याच कामाला काही होत नाही, त्याचं कारण इथं असू शकतं.

पण खराब सेल एकाच जागी बसलेला असताना थिजणं मात्र कधीही, कसंही, असं का? लग्नाच्या हॉलमध्ये हजार खुर्च्यांत एक मोडकी आहे असं समजा. आज एक पाहुणा पडला, पुढच्या लग्नात दुसराच, आणि हॉल अर्धा रिकामा असेल तर कोणीच पडत नाही. विंडोज दर वेळी रॅममधल्या जागा वेगळ्या वाटतं. तो बिट फोटोच्या वाट्याला आला तर एका ठिपक्याचा रंग बदलतो, तुम्हाला कळतही नाही. कर्नलच्या (विंडोजच्या गाभ्याच्या) एखाद्या पॉइंटरमध्ये, म्हणजे रॅममधला पत्ता लिहिलेल्या जागेत, आला तर प्रोसेसर भलत्याच पत्त्यावर जातो, नाहीतर कधीच न सुटणाऱ्या लॉकची वाट बघत बसतो, आणि सगळं गोठतं. वीस टॅब उघडल्यावरच थिजतो म्हणणाऱ्यांचं म्हणणं अगदी बरोबर असू शकतं, रॅम भरत आली की त्या जागेवर कोणीतरी बसतंच. याहून भारी म्हणजे काही सेलची टिकायची वेळ आपोआप बदलते, ट्रान्झिस्टरमधला एखादा बारीक दोष इलेक्ट्रॉन पकडतो आणि सोडतो, त्यामुळं तोच सेल कधी ठणठणीत, कधी गळका. याला व्हेरिएबल रिटेन्शन टाइम म्हणतात. म्हणून रॅमची टेस्ट एका रात्री पास आणि दुसऱ्या रात्री फेल होऊ शकते. सर्व्हरच्या ईसीसी रॅममध्ये जादा बिट ठेवून अशी एका बिटाची चूक जागेवर दुरुस्त होते, आपल्या नेहमीच्या डीडीआर४ लॅपटॉपमध्ये ती सोय नसते.

कोण सांगतं वास्तूप्रमाणे आग्नेयेला ठेवा, कोण झाकणावर लिंबू-मिरचीचं स्टिकर लावतं. गळणारा चार्ज यातल्या कशानंही थांबत नाही. 'रॅम बूस्टर' म्हणून जे प्रोग्राम विकतात तेही तसलेच, ते चालू प्रोग्रामचा डेटा रॅममधून बाहेर काढतात आणि तोच परत डिस्कवरून आणावा लागतो. खंडेनवमीला लॅपटॉपची पूजा जरूर करा, फक्त हळद-कुंकू पंख्याच्या जाळीपासून लांब ठेवा.

रॅम तपासायचा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम फुकट मिळतो. पेनड्राइव्हवर टाकायचं, त्यावरून लॅपटॉप चालू करायचा आणि चार्जर लावून रात्रभर चालू ठेवायचं. ते रॅममध्ये वेगवेगळे पॅटर्न लिहितं आणि परत वाचून जुळतात का बघतं. एक जरी एरर आली तरी "एकच तर आहे" म्हणून सोडू नका. मग बॅटरीची वायर काढून रॅमच्या पट्ट्या काढा, आपल्या पावसाळ्याच्या दमट हवेत पिना खराब होतात, त्या खोडरबरानं अगदी हलक्या हातानं पुसा (जोरात घासलं तर सोन्याचा मुलामा जातो), नीट बसवा आणि परत टेस्ट लावा. तरी एरर येत असेल तर एकेक पट्टी वेगळी लावून बघा, स्लॉट बदलून बघा. एरर पट्टीबरोबर सरकली तर पट्टी खराब, स्लॉटलाच चिकटून राहिली तर स्लॉट नाहीतर बोर्ड. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथं पट्टी बदलायचा प्रश्नच येत नाही. मेमटेस्टनं खराब जागेचा पत्ता दिला असेल तर विंडोजची बीसीडीएडिट ही कमांड वापरून तेवढी जागा विंडोजला वगळायला लावता येते, पण हे बोर्ड दुरुस्त होईपर्यंतचं काम, आणि तोवर महत्त्वाच्या फाईलींची कॉपी दुसरीकडं असलीच पाहिजे, कारण गळका बिट फाईल सेव्ह होतानाही मधे येऊ शकतो.