यात्रेकरूंच्या पायाखाली घडलेली देवळं: रोम, सांतियागो, लूर्द

रोमच्या सेंट पीटर बॅसिलिकात, म्हणजे संत पीटरच्या भव्य चर्चमध्ये, उजव्या बाजूला संत पीटरचा ब्राँझचा बसलेला पुतळा आहे. त्याच्या पुढे आलेल्या उजव्या पावलाची बोटं आता वेगळी ओळखू येत नाहीत. शतकानुशतकं लोकांनी तिथे हात लावला, ओठ टेकले आणि धातू गुळगुळीत होत गेला. कॅथलिक तीर्थांचा इतिहास मला या पावलापासून सुरू करावासा वाटतो. ही स्थळं पोपनी आणि राजांनी बांधली हे खरंच. पण त्यांना आजचा आकार आला तो येणाऱ्या माणसांच्या गर्दीमुळे.

मुळाशी असायची एक कबर. व्हॅटिकन टेकडीवरची कबर संत पीटरची, या श्रद्धेने सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात तिच्यावर बॅसिलिका उभारली. त्यासाठी टेकडीचा उतार कापून सपाट केला, जुनं दफनस्थान मातीखाली गेलं. सोयीची जागा सोडून एवढा खटाटोप केला, तो वेदी कबरीच्या वरच यावी म्हणून! १५०६ मध्ये पायाभरणी होऊन १६२६ मध्ये पूर्णत्वाला गेलेल्या आजच्या इमारतीतही मुख्य वेदी तिथेच आहे.

१३०० साली पोप बोनिफेस आठवे यांनी पहिलं ज्युबिली वर्ष जाहीर केलं. पापांची कबुली देऊन ठरलेल्या दिवसांत संत पीटर आणि संत पॉल यांच्या बॅसिलिकांना भेटी देणाऱ्यांना पापाच्या शिक्षेची पूर्ण माफी मिळणार होती. रोमकरांना तीस दिवस, बाहेरच्यांना पंधरा. लोक एवढे लोटले की बॅसिलिकेकडे नेणाऱ्या सांत आंजेलो पुलावर जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या दोन बाजू कराव्या लागल्या. इटालियन कवी दांतेच्या काव्यात त्याचा उल्लेख आहे. १४५० च्या ज्युबिलीत याच पुलावर चेंगराचेंगरी होऊन शंभराहून जास्त माणसं गेली. पुढच्या, म्हणजे १४७५ च्या ज्युबिलीसाठी पोप सिक्स्तुस चौथे यांनी तिबेर नदीवर नवा पूल बांधला. पोंते सिस्तो हाच तो. आजही लोक त्यावरून चालत जातात.

स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलात प्रेषित संत याकोबची कबर सापडल्याचं नवव्या शतकात जाहीर झालं. तिथल्या कॅथेड्रलचं काम १०७५ च्या सुमारास सुरू झालं. आत गेल्यावर वेदीमागून वळसा घालणारा मार्ग नीट पाहावा. वेदीवर मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, चालू असताना यात्रेकरूंना अडथळा न आणता कबरीपर्यंत जाऊन परतता यावं, यासाठीची ही रचना. फ्रान्समधल्या तुलूझ आणि काँक इथल्या यात्रामार्गावरच्या चर्चमध्येही ती दिसते.

सांतियागोला जाणारी ही यात्रेची वाट पुढे ओस पडली. १५८९ मध्ये इंग्रजांच्या हल्ल्याच्या भीतीने संत याकोबच्या अस्थी लपवल्या गेल्या, त्या १८७९ मध्ये परत मिळाल्या. १९८० च्या दशकात एलियास वालिन्या या धर्मगुरूने वाटेवर पिवळे बाण रंगवले. पाठीवर पिशवी घेऊन चालणारे आजही त्या बाणांच्या आधारानेच पुढे जातात.

फ्रान्समधलं लूर्द त्या मानाने अगदी अलीकडचं. १८५८ मध्ये चौदा वर्षांच्या बर्नादेतला तिथल्या गुहेत मारियामातेचं दर्शन झाल्याची श्रद्धा आहे. १८६६ मध्ये रेल्वे आली आणि चालू न शकणारे आजारीही तिथे पोचू लागले.

रोममधल्या त्या पावलाला लोकांचा हात अजून लागतो. सांतियागोत मात्र कॅथेड्रलच्या दारातल्या, शिल्पकार मातेओने घडवलेल्या कमानीतल्या मधल्या खांबाला स्पर्श करायला आता बंदी आहे. यात्रेकरूंनी हात टेकून टेकून संगमरवरात पाडलेले पाच बोटांचे खळगे लांबूनच पाहायचे.